फवारा, धुरी आणि धुके : निर्जंतुकीकरणाची दीडशे वर्षे

२०२० सालच्या उन्हाळ्यातले एक दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. रुग्णाला पोचवून रुग्णवाहिका परत येते. चालक मागचे दार उघडतो, पेटीएवढे एक यंत्र आत ठेवतो, कळ दाबतो आणि दारे लावून घेतो. काचेतून आत पांढरे धुके दाटत जाताना दिसते. काही वेळाने यंत्र आपोआप बंद पडते, दारे उघडतात, उग्र वास बाहेर येतो आणि गाडी पुढच्या फेरीला निघते. बसस्थानके, सरकारी कचेऱ्या, बँका आणि पुढे शाळांचे वर्गही त्या काळात अशाच धुक्याने भरून काढले गेले.

धुके पाहिले की मनाला बरे वाटते. काहीतरी केले जात आहे, याची खात्री डोळ्यांना आणि नाकाला पटते. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने अशा वेळी दोन साधे प्रश्न विचारायला हवेत. रोग ज्या वाटेने पसरतो, त्या वाटेवर हे धुके पोचते का? आणि ते पोचले, त्याने जंतू मेले, हे कोणी मोजून पाहिले आहे का? हे प्रश्न करोनाच्या साथीने जन्माला घातलेले नाहीत. गेल्या दीडशे वर्षांत ते पुन्हा पुन्हा विचारले गेले आणि पुन्हा पुन्हा विसरले गेले. त्या विसरण्याचा आणि आठवण्याचा हा इतिहास आहे.

लिस्टरचा फवारा

१२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगोच्या रुग्णालयात जेम्स ग्रीनलीज नावाचा अकरा वर्षांचा मुलगा आला. गाडीचे चाक पायावरून गेल्याने त्याचे हाड मोडून कातडीबाहेर आले होते. त्या काळी अशी जखम हमखास सडे आणि पाय तरी कापावा लागे, नाहीतर रोगी दगावे. जोसेफ लिस्टर या शल्यविशारदाने कार्बोलिक आम्लात, म्हणजे आज आपण ज्याला फिनॉल म्हणतो त्यात, भिजवलेली पट्टी जखमेवर बांधली. मुलगा सुमारे सहा आठवड्यांत दोन्ही पायांवर चालत घरी गेला. पाश्चरचे आंबण्याच्या क्रियेवरील संशोधन लिस्टरने वाचले होते. शिवाय कार्लाईल गावी सांडपाण्याची दुर्गंधी घालवण्यासाठी कार्बोलिक आम्ल वापरतात, हेही त्याला ठाऊक होते. या दोन गोष्टींची सांगड त्याने घातली आणि १८६७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

येथवरचा भाग पाठ्यपुस्तकांत असतो. पुढचा बहुधा नसतो. जंतू हवेतून जखमेत पडतात, अशी लिस्टरची समजूत होती. मग हवाच निर्जंतुक केली तर? १८७०च्या सुमारास त्याने शस्त्रक्रिया चालू असताना कार्बोलिक आम्लाचे तुषार उडवणारा फवारा वापरायला सुरुवात केली. आधी हातपंप, मग पायाने चालवायचा मोठा पंप आणि शेवटी वाफेवर चालणारे यंत्र, अशी त्याची प्रगती झाली. १८७१ साली बाल्मोरल येथे राणी व्हिक्टोरियाच्या काखेतील गळू कापताना हाच फवारा चालू होता. आजच्या स्वयंचलित धुके-यंत्राचा हा पणजोबा म्हणायला हरकत नाही.

फवाऱ्याखाली काम करणाऱ्या डॉक्टरांचे हात पांढरे पडत, बधिर होत, खोकला येई. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, फवारा न वापरणाऱ्या पण हात, हत्यारे आणि पट्ट्या स्वच्छ ठेवणाऱ्या शल्यविशारदांचे रोगीही तितकेच बरे होऊ लागले. जर्मनीत ब्रुन्स यांनी १८८० साली ‘फवारा हटवा’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेखच लिहिला. जखमेत शिरणारे बहुतेक जंतू हवेतून पडत नव्हते. ते बोटांवरून आणि हत्यारांवरून येत होते. लिस्टरने १८८७च्या सुमारास फवारा सोडून दिला. १८९०च्या बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत तर, हवेतील जंतू मारण्यासाठी आपण फवाऱ्याची शिफारस केली याची आपल्याला लाज वाटते, अशी कबुली त्याने दिली. लिस्टरचे मोठेपण जितके १८६५च्या पट्टीत आहे, तितकेच या कबुलीतही आहे, असे आम्हांला वाटते.

कॉखचे रेशमी धागे

जंतुनाशकाने जंतू मेले की नाही हे ठरवायचे कसे? वास गेला म्हणजे जंतू गेले, असे तोवर मानले जाई. रॉबर्ट कॉखने १८८१ साली यावर एक नामी युक्ती काढली. अँथ्रॅक्स या रोगाच्या जिवाणूंचे बीजाणू त्याने रेशमी धाग्यांवर वाळवले. बीजाणू म्हणजे प्रतिकूल काळात तग धरण्यासाठी जिवाणूने घेतलेले कवचबंद रूप. हे धागे निरनिराळ्या जंतुनाशकांत निरनिराळ्या वेळापर्यंत बुडवून त्याने पोषक माध्यमावर ठेवले. वाढ झाली तर जंतुनाशक नापास, वाढ झाली नाही तर पास.

निकाल धक्कादायक होते. कार्बोलिक आम्लाच्या पाच टक्के द्रावणाला बीजाणू मारण्यासाठी काही मिनिटे नव्हे, तर दिवस लागले. तेलात किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या कार्बोलिक आम्लाचा बीजाणूंवर परिणामच झाला नाही. शतकानुशतके वापरली जाणारी गंधकाची धुरीही बीजाणूंपुढे निकामी ठरली. जंतुनाशकाचे नाव पुरेसे नसते. त्याची संहती किती, ते किती वेळ जंतूंना भिडून राहिले आणि समोरचा जंतू कोणता, हे तिन्ही सांगावे लागते. हा धडा त्या रेशमी धाग्यांनी दिला.

मुंबईतील बंब आणि उंदीर

प्रयोगशाळेतला हा धडा रस्त्यावर पोचायला वेळ लागला. इंग्लंडच्या १८७५च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात, सांसर्गिक रोग्याला नेणारी भाड्याची गाडी मालकाने ताबडतोब निर्जंतुक करावी, असे कलम होते. वाहनांच्या निर्जंतुकीकरणाची सक्ती ही अशी दीडशे वर्षे जुनी आहे. घरे, गाड्या, कपडे यांत रोगाचे विष साचते, हा त्यामागचा विचार. तो सांडपाणी, देवी, पटकी अशा प्रश्नांत काही अंशी उपयोगी पडला. पण प्लेगने त्याला उघडे पाडले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात, मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. प्लेगचा जिवाणू दोन वर्षांपूर्वीच हाँगकाँगला येर्साँ याने शोधला होता. जिवाणू माहीत होता, त्याची वाट माहीत नव्हती. मग जे हाताशी होते ते केले गेले. गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक आम्ल सोडले. घरांना चुना फासला. उजेड यावा म्हणून छपरांची कौले काढली. बंबांनी घरे आतून धुऊन काढली. अशा बंबाचे त्या वेळी टिपलेले छायाचित्र आजही उपलब्ध आहे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. पुण्यात रँड यांच्या समितीने सैनिकांकरवी घरझडत्या घेतल्या, लोकांचे सामान जाळले. लोकांचा संताप इतका वाढला की २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी १० मार्च रोजी, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले होते.

एवढ्या धुण्या-फवारण्यानेही प्लेग हटला नाही. कारण २ जून १८९८ रोजी कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरच्या हाती लागले. त्याने एका काचेच्या बरणीत पिसवा असलेला प्लेगग्रस्त उंदीर ठेवला आणि त्याला स्पर्श होणार नाही अशा बेताने वर पिंजऱ्यात निरोगी उंदीर ठेवला. काही दिवसांत निरोगी उंदीरही प्लेगने मेला. वाट पिसवांची होती. सिमाँचे म्हणणे बराच काळ कोणी मानले नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगाने ते तपासले. प्लेगच्या घरांत गिनिपिग ठेवले तेव्हा उघडे ठेवलेले मरत आणि पिसवांना शिरता येणार नाही अशा बारीक जाळीतले वाचत.

आता मांडवीतल्या त्या बंबाकडे पुन्हा पाहा. घराच्या भिंती धुतल्याने उंदरांच्या अंगावरच्या पिसवांचे काय बिघडणार होते? उलट गटारांत पाणी आणि आम्ल सोडल्याने उंदीर बाहेर पडून घरांत शिरले आणि साथ पसरायला मदतच झाली असावी, असे नंतरच्या अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे. निर्जंतुकीकरण करणाऱ्यांची मेहनत कमी नव्हती. वाट चुकली होती.

चेपिन यांचे धाडस

वाट चुकली आहे हे ओळखून थांबणे सोपे नसते. अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहराचे आरोग्य अधिकारी चार्ल्स चेपिन यांनी ते केले. तेथे घटसर्पाचा रोगी बरा झाला, की घराला धुरी देण्याची पद्धत होती. तोवर फॉर्मल्डिहाइड वायूची धुरी प्रचारात आली होती. चेपिन यांनी १९०५ मध्ये घटसर्पानंतरची ही धुरी बंद केली. रोग वाढला नाही. मग लोहितांग ज्वरासाठीही ती बंद केली. १९०६च्या एका लेखात त्यांनी निर्जंतुकीकरणाच्या या आंधळ्या भक्तीला मूर्तिपूजेसारखे ठरवले. १९१० सालच्या आपल्या ग्रंथात, बहुतेक रोगांत धोका वस्तूंपेक्षा माणसांकडून, त्यातही लक्षणे न दिसणाऱ्या वाहकांकडून असतो, हे त्यांनी मांडले. धुरीवरचा पैसा वाचवून तो रोगी शोधण्यावर आणि त्यांची काळजी घेण्यावर खर्चावा, हा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ.

आपल्याकडे मात्र फॉर्मालिनची धुरी शस्त्रक्रियागृहांत पुढे अनेक दशके चालू राहिली. डोळे झोंबवणारा तो वास म्हणजे स्वच्छतेची खूण, असे आमच्या पिढीनेही मानले. २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. त्यानंतर सुरक्षित पर्यायांचा शोध अधिक जोमाने सुरू झाला.

धुके जेथे खरेच उपयोगी पडले

यावरून हवेतून केलेले सगळेच निर्जंतुकीकरण फोल आहे, असा निष्कर्ष काढला तर तोही चुकेल. दोन उदाहरणे पाहू.

२००१ साली अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सचे बीजाणू पाठवले गेले. बावीस जणांना लागण झाली, पाच दगावले. वॉशिंग्टनमधील सिनेट सदस्यांच्या हार्ट इमारतीत असे एक पाकीट उघडले गेले होते. इमारत रिकामी करून, दूषित कक्ष हवाबंद करून तेथे क्लोरीन डायॉक्साइड वायू सोडण्यात आला. आत बीजाणू लावलेल्या कागदी पट्ट्या ठेवल्या होत्या. एकदा वायू सोडून काम भागले नाही, हवेच्या नळ्यांसाठी पुन्हा सोडावा लागला. जानेवारी २००२ मध्ये इमारत उघडली. त्या पट्ट्या म्हणजे कॉखच्या रेशमी धाग्यांचीच नवी आवृत्ती.

दुसरे उदाहरण लंडनमधील एका अभ्यासाचे, २००४ साली प्रसिद्ध झालेले. अनेक प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूचे रोगी असलेल्या खोल्या त्यात तपासल्या. सफाईपूर्वी घेतलेल्या नमुन्यांपैकी ७४ टक्क्यांत हा जिवाणू सापडला. नेहमीच्या सफाईनंतरही ६६ टक्क्यांत तो होताच. हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ सोडलेल्या सहा खोल्यांत मात्र ८५ नमुन्यांपैकी फक्त एकात तो आढळला. हायड्रोजन पेरॉक्साइडचे शेवटी पाणी आणि ऑक्सिजन होते, हा आणखी फायदा.

दोन्ही ठिकाणी चार गोष्टी समान होत्या. जागा बंद होती, आत माणूस नव्हता, रसायनाचे प्रमाण आणि वेळ ठरलेली होती आणि शेवटी निकाल तपासला गेला.

थेंबाचे गणित

या चार गोष्टी इतक्या महत्त्वाच्या का, हे थेंबाच्या आकारावरून कळते. हे गणित नववी-दहावीच्या वर्गात सहज करता येईल. एक मिलिलिटर द्रावणाचा एकच गोल थेंब केला तर त्याचे पृष्ठफळ सुमारे ५ चौरस सेंटिमीटर भरते. त्याच द्रावणाचे १० मायक्रोमीटर व्यासाचे थेंब केले, तर ते सुमारे १९० कोटी होतात आणि त्यांचे एकूण पृष्ठफळ ६,००० चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे बाराशेपट. धुक्याची ताकद हीच.

पण त्याचा दुबळेपणाही येथेच आहे. १०० मायक्रोमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे २५ ते ३० सेंटिमीटर वेगाने खाली येतो, तर १० मायक्रोमीटरचा फक्त ३ मिलिमीटर. लहान थेंब तरंगत दूर जातात खरे, पण कोरड्या हवेत असा थेंब एका सेकंदाच्या आतच वाळून जातो. मोठे थेंब टिकतात, पण ते जवळच आणि आडव्या पृष्ठभागांवर पडतात. बाकाची खालची बाजू, कड्या, पट्ट्याच्या खाचा कोरड्याच राहतात. उघड्या मैदानात किंवा रस्त्यावर तर वारा सगळेच घेऊन जातो. शिवाय पृष्ठभागावर रक्त, माती, तेलकटपणा असेल तर क्लोरीनसारखे जंतुनाशक त्या मळाशी अभिक्रिया करण्यातच संपते. म्हणून आधी पुसणे आणि मग धुके. उलटा क्रम चालत नाही.

डासांसाठी गल्लीत मारला जाणारा धूर ही वेगळी गोष्ट आहे, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे. त्यात कीटकनाशक असते. त्याचे लक्ष्य उडणारा डास असतो. जंतूंशी त्याचा संबंध नसतो.

फुप्फुसांची किंमत

जो थेंब खोलीच्या कोपऱ्यात पोचू शकतो, तो माणसाच्या फुप्फुसातही पोचतो. याची भयंकर किंमत दक्षिण कोरियाने मोजली. हिवाळ्यात घरातील हवा दमट ठेवणाऱ्या यंत्रांच्या पाण्यात घालायची जंतुनाशके तेथे १९९४ पासून विकली जात होती. यंत्र स्वच्छ राहावे, बाळाला शुद्ध हवा मिळावी, हा आईवडिलांचा हेतू. २०११ साली सोलमध्ये गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया फुप्फुसांच्या गूढ विकाराने अत्यवस्थ होऊ लागल्या, तेव्हा तपासाअंती दोष या जंतुनाशकांकडे गेला. कातडीला फारसे न बाधणारे रसायन बारीक तुषार होऊन फुप्फुसात गेल्यावर प्राणघातक ठरले होते. अधिकृतपणे मान्य झालेल्या बाधितांची संख्या पुढे पाच हजारांवर गेली. रसायन सुरक्षित आहे का, हा प्रश्न अपुरा असतो. ते कोणत्या रूपात, कोणत्या वाटेने शरीरात जाते, हेही विचारावे लागते.

ही घटना ताजी असतानाही मार्च २०२० मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीला, गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर जंतुनाशकाचा फवारा मारला गेला. पाठोपाठ देशभर ठिकठिकाणी फवाऱ्याचे बोगदे उभे राहिले. १८ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने माणसांवर फवारणी करू नये, ती शरीराला आणि मनालाही अपायकारक आहे, असे कळवले. जागतिक आरोग्य संघटनेने १५ मे रोजी तेच सांगितले. शिवाय रस्त्यांवरील फवारणी आणि खोल्यांमध्ये सरसकट धुके सोडणे यांचीही शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले. ५ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने माणसांवरील अशा फवारणीबाबत निर्बंध घालण्याचे निर्देश केंद्राला दिले. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने हिशोब मांडला : विषाणू असलेल्या पृष्ठभागाला एकदा हात लागून करोनाची लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी. या विषाणूची मुख्य वाट श्वासातून, हवेतून होती. त्या वाटेवरचा उपाय म्हणजे उघड्या खिडक्या. ज्या काळात आपण वर्गांच्या खिडक्या लावून आत धुके भरत होतो, त्या काळात खिडक्या उघडण्याला कोणी यंत्र म्हणत नव्हते.

रुग्णवाहिकेपाशी परत

मग त्या रुग्णवाहिकेतले धुके चूक की बरोबर? उत्तर असे : गाडी लहान आहे, बंद करता येते, रिकामी ठेवता येते, म्हणून धुक्याला येथे वाव आहे. पण आधी स्ट्रेचर, दांडे, कड्या, रक्तदाब मोजण्याचे पट्टे हाताने धुऊन-पुसून झाले पाहिजेत. रसायनाला सांगितलेला वेळ दिला पाहिजे. दारे उघडून हवा पूर्ण खेळल्याशिवाय चालक किंवा रोगी आत बसता कामा नये. हायड्रोजन पेरॉक्साइडसाठी श्वासाच्या हवेतील मान्य मर्यादा दहा लाख भागांत एक भाग इतकीच आहे. आणि मधूनमधून बीजाणूंची पट्टी ठेवून यंत्राची परीक्षा घेतली पाहिजे. फेऱ्यांची घाई असताना यातले पहिले आणि शेवटचे काम सर्वांत आधी गळते. उरते ते धुके.

शाळेत हा विषय शिकवताना एक निरुपद्रवी प्रयोग करून पाहावा. रसायन काहीही वापरू नये. खाण्याचा रंग घातलेले साधे पाणी तुषार उडवणाऱ्या बाटलीत भरावे. एका बाकावर, बाकाखाली, त्याच्या कडेला आणि मागच्या बाजूला पांढऱ्या कागदाचे बारा-पंधरा तुकडे चिकटवावेत. समोरून ठरावीक वेळा फवारा मारावा आणि प्रत्येक तुकड्यावरचे ठिपके विद्यार्थ्यांना मोजायला सांगावेत. किती तुकडे कोरडे राहिले, याचा तक्ता करावा. मग फडके ओले करून तोच बाक पुसावा आणि तुलना करावी. कॉखने रेशमी धाग्यांनी जे केले, त्याचीच ही सोपी प्रतिकृती आहे.

पुढची साथ कधी येईल आणि कोणत्या जंतूची असेल, हे सांगता येत नाही. ती आली की नवे यंत्र बाजारात येईल, हे मात्र नक्की. त्या वेळी गावाच्या आरोग्य समितीत, शाळेच्या पालकसभेत किंवा नगरपालिकेच्या बैठकीत बसलेला कोणी एक आपला विद्यार्थी उठून विचारील, की हा रोग पसरतो कसा, आणि या यंत्राचा परिणाम मोजला कोणी? तसे झाले, तर आपण शिकवलेले वाया गेले नाही असे म्हणता येईल.